बुद्धिबळ इंजिनाकडून पोझिशनचं नेमकं विश्लेषण कसं मिळवावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांचे डाव तपासताना, शिबिरांत आणि रात्री उशिरा येणाऱ्या फोनवर मला गेली काही वर्षं जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. इंजिन म्हणजे चालींचा हिशोब करणारा संगणक-प्रोग्राम, आणि उत्तरं मुख्यतः स्टॉकफिश हे इंजिन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. ते मोफत आहे, आणि लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर विश्लेषण उघडलं की तेच चालू होतं, त्यामुळे बहुतेकांनी ते वापरलेलं असतं. तक्रारी ऐकताना एक गोष्ट सतत जाणवते. इंजिन चुकलं असं वाटतं तेव्हा दहापैकी आठ वेळा पोझिशन चुकीची मांडलेली असते किंवा विचारायला हवं होतं ते विचारलेलंच नसतं.

१. इंजिन +१.३ दाखवतं. म्हणजे पांढऱ्याकडे सव्वा प्यादं जास्त आहे का?

पूर्वी अर्थ जवळपास तसाच होता. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, हा आकडा जिंकण्याच्या शक्यतेशी बांधलेला आहे. +१.०० याचा अर्थ असा, की त्या पोझिशनपासून इंजिन स्वतःशीच खेळलं तर पांढरा साधारण निम्मे डाव जिंकेल आणि उरलेले बहुतेक बरोबरीत सुटतील. त्यामुळे +०.३ पाहून खूश होण्याचं किंवा घाबरण्याचं कारण नाही. दोन इंजिनांमध्ये असा डाव बहुधा बरोबरीतच सुटतो. जुन्या विश्लेषणातल्या +०.८ ची आजच्या +०.८ शी तुलना करू नका, मोजपट्टीच बदलली आहे.

२. काळ्याची चाल आली की अधिकचं उणे होतं. इंजिन गोंधळतं का?

नाही. इंजिन आणि पटाचा प्रोग्राम यूसीआय नावाच्या ठरलेल्या भाषेत बोलतात, आणि त्या भाषेत ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने आकडा सांगण्याची रीत आहे. बहुतेक प्रोग्राम तो पांढऱ्याच्या बाजूने फिरवून दाखवतात, काही फिरवत नाहीत. खात्री करायची असेल तर पांढऱ्याला एक वजीर जास्त द्या, चाल काळ्याची ठेवा आणि चिन्ह बघा. अर्ध्या मिनिटात कळतं.

३. किती डेप्थपर्यंत थांबायचं? २०, ३० की ४०?

डेप्थवर, म्हणजे इंजिन किती पुढपर्यंत शोध घेतं त्या आकड्यावर, जाऊ नका, वेळ द्या आणि उत्तर स्थिरावलं का ते बघा. डेप्थ २० म्हणजे वीस अर्ध्या चालींपर्यंतच्या (एका खेळाडूची एक चाल म्हणजे अर्धी चाल) सगळ्या शक्यता तपासल्या, असं होत नाही. इंजिन निरुपयोगी वाटणाऱ्या फांद्या वाटेतच छाटतं, आशादायक फांद्यांमध्ये मात्र त्या आकड्याच्याही पुढे जातं. म्हणून दोन वेगळ्या इंजिनांच्या डेप्थची तुलना करता येत नाही.

मी स्वतः तीन गोष्टी बघतो: पहिली चाल शेवटच्या पाच-सहा डेप्थमध्ये बदलली का, आकडा वर-खाली होतोय का, आणि दुसऱ्या क्रमांकाची चाल किती मागे आहे. तिन्ही शांत असतील तर साध्या मिडलगेमला, म्हणजे डावाच्या मधल्या टप्प्याला, एक-दोन मिनिटं पुरतात. आकडा हळूहळू एकाच दिशेने सरकत असेल, +०.५, +०.७, +०.९ असा, तर थांबवू नका. इंजिनाला पुढे काहीतरी दिसायला लागलं आहे.

४. फोनवरचं विश्लेषण चालेल का, की संगणकच हवा?

घोडचुका शोधायला फोन पुरेसा आहे. फोनवरचं स्टॉकफिशसुद्धा जगज्जेत्यापेक्षा बलवान खेळतं. फरक पडतो तो अवघड पोझिशनमध्ये. ब्राउझरमध्ये चालणारं इंजिन त्याच संगणकावर थेट उतरवून घेतलेल्या इंजिनापेक्षा बरंच हळू चालतं. घरी जुना लॅपटॉप असला तरी त्यावर स्टॉकफिश उतरवून घ्या आणि एखाद्या मोफत पट-प्रोग्रामला जोडा.

उतरवताना एक काळजी घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून स्टॉकफिश पोझिशनचं मूल्य ठरवायला छोटं न्यूरल नेटवर्क वापरतं. ही कल्पना यू नासू यांनी २०१८ मध्ये जपानी बुद्धिबळासाठी, म्हणजे शोगीसाठी मांडली होती. हे नेटवर्क साध्या प्रोसेसरवरच चालतं, पण प्रोसेसरच्या नव्या सूचनासंचांचा फायदा घेतं. त्यामुळे डाउनलोडच्या पानावर एकाच आवृत्तीच्या अनेक फाइली दिसतात. तुमच्या प्रोसेसरला चालणारी सगळ्यांत नवीन फाइल निवडा. ती चालू होताच बंद पडली तर एक पायरी खालची घ्या.

५. थ्रेड आणि हॅश किती ठेवायचे? मी कधी हात लावलेला नाही.

मग बहुधा तुमचं इंजिन एका थ्रेडवर आणि १६ एमबी हॅशवर चाललं आहे, कारण स्टॉकफिशची मूळ सेटिंग तीच आहे. थ्रेड म्हणजे एकाच वेळी समांतर चालणारा हिशोब. सगळ्यात स्वस्तात मिळणारी सुधारणा इथे आहे. प्रोसेसरच्या जितक्या कोअर तितके थ्रेड द्या. त्याच वेळी संगणकावर दुसरं काम करायचं असेल तर एक कमी.

हॅश म्हणजे इंजिनाची वही. एकदा तपासलेल्या पोझिशनचा निकाल ते तिथे टिपून ठेवतं. वेगवेगळ्या क्रमाने तीच पोझिशन पुन्हा आली की टिपण वाचतं, हिशोब परत करत नाही. वही लहान असेल तर जुनी पानं खोडून नवीन लिहावं लागतं. ८ जीबी रॅम असेल तर २ जीबी हॅश द्यायला हरकत नाही. रिकाम्या रॅमपेक्षा जास्त मात्र देऊ नका, नाहीतर संगणक डिस्कवर उचल-ठेव करत बसतो आणि सगळंच रखडतं. या वहीचा खरा उपयोग प्रश्न १० मध्ये आहे.

६. तीच पोझिशन, तेच इंजिन, तरी दर वेळी थोडं वेगळं उत्तर. का?

एकापेक्षा जास्त थ्रेड असले की ते एकच वही वापरत स्वतंत्रपणे शोध घेतात. कोणता थ्रेड कोणत्या क्षणी काय लिहील हे दर वेळी सारखं नसतं, त्यामुळे ०.१ इतका फरक नेहमीचा आहे. दोन चाली आलटूनपालटून वर येत असतील तर त्या सारख्याच चांगल्या आहेत असं समजा. हुबेहूब तेच उत्तर हवं असेल तर एक थ्रेड ठेवा, हॅश रिकामा करा आणि ठरावीक डेप्थला थांबवा.

लॅपटॉप तापल्यानेही फरक पडतो. मे महिन्यात दुपारी गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर पहिल्या दोन मिनिटांनंतर सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या पोझिशनचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत जवळजवळ निम्म्यावर आलेला मी पाहिला आहे. खाली दोन जाडजूड पुस्तकं ठेवून हवा खेळती ठेवली, तर तो टिकला.

७. एकाच वेळी किती लाइन दाखवायला सांगायच्या?

लाइन म्हणजे इंजिनाने सुचवलेला चालींचा क्रम. आधी तीन किंवा चार, मग एक. प्रत्येक जादा लाइनचा स्वतंत्र हिशोब करावा लागतो, म्हणून चार लाइन लावल्या की तेवढ्याच वेळात खोली कमी मिळते. पहिली पाहणी करताना मात्र जादा लाइन अमूल्य असतात. पहिली चाल +०.६ आणि दुसरी −१.८ असेल, तर ती पोझिशन तारेवरची कसरत आहे. पहिल्या चारही ०.१ च्या आत असतील, तर डोकं शिणवू नका, आवडेल ती खेळा. अंदाज आला की एकच लाइन ठेवून खात्री करून घ्या.

८. पुस्तकातली पोझिशन मांडली. पुस्तक म्हणतं पांढरा जिंकतो, इंजिन म्हणतं काळा. कुणाचं खरं?

आधी पट तपासा. हाताने मांडलेल्या पोझिशनमध्ये मोहरी बरोबर असतात, पण बाकीची माहिती राहून जाते. एका मुलाने मला अस्साच निरोप पाठवला होता: “पुस्तकात चूक सापडली!” तिन्ही हत्ती जागेवर, प्यादी जागेवर. फक्त चाल पांढऱ्याऐवजी काळ्याची लागली होती. एक बटण बदललं आणि आकडा −४ वरून +५ वर गेला.

चाल कुणाची, दोन्ही बाजूंना कॅसलिंगचा हक्क उरला आहे का, आणि नुकतंच दोन घरं पुढे आलेलं प्यादं एन पासां मारता येतं का, या तीन गोष्टी बघा. कॅसलिंगची चूक सर्वांत फसवी असते. राजा ई-१ वर आणि हत्ती एच-१ वर दिसतो म्हणून हक्क चालू ठेवला जातो, पण मूळ डावात राजा आधीच हलून परत आलेला असतो. इंजिन मग निर्धास्तपणे कॅसलिंग करून संकटातून सुटतं. शक्य असेल तेव्हा पोझिशन मांडूच नका, पूर्ण डाव भरा. त्याचा आणखी एक फायदा प्रश्न १७ मध्ये सांगितला आहे.

९. इंजिन चाल दाखवतं, पण ती का चांगली ते समजत नाही. कारण कसं काढून घ्यायचं?

हा मला सगळ्यांत प्रिय प्रश्न आहे, कारण खरी प्रगती इथे होते. सर्वोत्तम चाल कोणती, एवढंच विचारून थांबू नका. तुम्हाला सुचलेली चाल पटावर खेळा आणि इंजिन तिला काय उत्तर देतं ते बघा. ते उत्तर म्हणजेच कारण.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव. डिंग लिरेन पांढऱ्याकडून, गुकेश काळ्याकडून. दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट, काळ्याकडे दोन प्यादी, पांढऱ्याकडे एक. इंजिन बरोबरी दाखवत होतं. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ वर आणला आणि आकडा एका फटक्यात काळ्याच्या बाजूला कोसळला. त्या दिवसापासून किती जणांनी मला विचारलं, “हत्ती तर मारामारीत जाणारच होते, उंट राहतो ना, मग हरतो कसा?”

आता इंजिनाला विचारा. पांढऱ्याचा हत्ती एफ-२ वर ठेवा, काळ्याने तो मारावा, राजाने परत मारावं. इथे थांबून काळ्याची सर्वोत्तम चाल बघा: उंट डी-५. पांढऱ्याचा उंट ए-८ च्या कोपऱ्यात बसला आहे आणि त्याला बाहेर पडायला एकच कर्ण आहे. त्याच कर्णावर काळ्याचा उंट येऊन उभा राहिला. बी-७, सी-६, कुठेही गेला तरी मारला जातो, जागेवर राहिला तरी मारला जातो. उंटांची अदलाबदल टळत नाही. अदलाबदलीनंतर उरतात दोन राजे, काळ्याची दोन प्यादी आणि पांढऱ्याचं एक, आणि तो शेवट काळा जिंकतो. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

हे तीन क्लिकचं काम आहे. पण उणे आकडा पाहून “घोडचूक” एवढंच वाचणारा कोपऱ्यातला उंट कधीच बघत नाही.

आणखी एक साधन आहे. लिचेसवर विश्लेषण चालू असताना कीबोर्डवरची एक्स ही कळ दाबली की समोरच्याची धमकी दिसते, म्हणजे आत्ता तुम्ही चालच केली नाहीत तर तो काय करेल ते. शांत दिसणारी बचावाची चाल का हवी होती, हे त्याने लगेच उलगडतं.

१०. एखादं बलिदान इंजिनाला दिसतच नाही, पण मला ते बरोबर वाटतं. काय करू?

चाल स्वतः खेळा आणि लाइनच्या टोकापर्यंत जा. मग एकेक चाल मागे या, प्रत्येक ठिकाणी इंजिनाला अर्धा-एक मिनिट द्या. टोकाजवळच्या पोझिशन सोप्या असतात, तिथला निकाल वहीत नोंदला जातो (प्रश्न ५). मागे येताना इंजिनाला ती नोंद आयती मिळते आणि मूळ पोझिशनपर्यंत पोहोचेतो त्याचं मत बदललेलं असू शकतं. मध्ये हॅश रिकामा करू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया.

यासाठी अभिजात उदाहरण म्हणजे लिनारेसच्या स्पर्धेतला १९९८ चा डाव, टोपालोव पांढऱ्याकडून, शिरोव काळ्याकडून. विरुद्ध रंगांच्या उंटांचा शेवट, काळ्याकडे दोन प्यादी जास्त, तरी असे शेवट बहुधा बरोबरीत सुटतात. शिरोवने ४७व्या चालीला उंट सरळ एच-३ वर नेऊन प्याद्याच्या तोंडी दिला. त्या काळच्या इंजिनांना ही चाल सापडत नसे, आणि नंतरही कित्येक वर्षं ती इंजिनांची परीक्षा म्हणून वापरली गेली. त्यांच्या दृष्टीने उंट फुकट गेला होता. पुढे जाऊन बघा: प्यादं उंट मारतं, काळा राजा एफ-५ वर येतो, पांढरा राजा एफ-२ वर, आणि काळा राजा ई-४ वर. सगळा खेळ त्या एका चालीच्या वेळेचा होता. एफ-५ चं घर रिकामं करताना उंटाने जी-२ वर हल्ला केला, म्हणून पांढऱ्या राजाला आडवं यायला उशीर झाला आणि काळ्याची प्यादी पळाली.

तुमचं बलिदान या पद्धतीनेही चुकीचं ठरलं, तर नेमकं कुठे चुकलं तेही मागे येताना कळतं.

११. ०.०० म्हणजे पोझिशन कंटाळवाणी आहे का?

बहुतेकदा उलट असतं. मिडलगेममध्ये अचूक ०.०० आलं तर लाइनच्या शेवटी जाऊन बघा, बहुधा सततचा शह किंवा चालींची पुनरावृत्ती सापडेल. एक बाजू दोन मोहरी मागे असून केवळ शहांवर तगलेली असू शकते. अशा वेळी बरोबरी राखणारी चाल एकच असते, म्हणून लाइन वाढवून तपासा (प्रश्न ७).

१२. इंजिन +३ म्हणतं, पण पुढे काहीच घडत नाही. मी जिंकू का शकत नाही?

तुमच्यासमोर बहुधा तटबंदी आहे, म्हणजे कमी मोहरी असलेल्या बाजूने अशी मांडणी केली आहे की आत शिरायला वाटच नाही. इंजिन पंचवीस-तीस चाली पुढे पाहतं, त्यातही मोहरी जास्तच असतात, म्हणून आकडा मोठाच राहतो. २०१७ मध्ये पेनरोझ इन्स्टिट्यूटने अशीच एक पोझिशन जाहीर केली होती. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि काळ्या घरांवरचे तीन उंट. प्यादी एकमेकांत इतकी अडकलेली, की वजीर आणि हत्ती कोंडलेले. पांढरा राजा पांढऱ्या घरांवर फिरत राहतो, उंट त्याला शिवू शकत नाहीत. माणसाला बरोबरी दिसते, त्या वेळची इंजिनं काळ्याला प्रचंड वरचढ ठरवत होती.

ओळखायची खूण अशी: लाइनच्या बाजूने पंधरा-वीस चाली पुढे जा. आकडा तेवढाच राहिला, प्यादी हलली नाहीत, मोहरी नुसती इकडून तिकडे फिरली, तर इंजिनाकडे योजना नाही. मग प्यादं पुढे ढकलून किंवा हत्ती देऊन तट फोडण्याचे प्रयत्न तुम्ही स्वतः खेळून बघा आणि प्रत्येकाला प्रश्न १० ची पद्धत लावा.

१३. एंडगेमला इंजिनावर विश्वास ठेवावा का?

पटावर सात किंवा कमी मोहरी असतील (राजे आणि प्यादी धरून) तर इंजिनाऐवजी टेबलबेस बघा. तिथे अंदाज नसतो, प्रत्येक पोझिशनचा निकाल शेवटपासून मागे मोजून ठेवलेला असतो. सिझिजी टेबलबेसचे पाच मोहऱ्यांपर्यंतचे संच सुमारे १ जीबीत मावतात, सहा मोहऱ्यांसाठी सुमारे १५० जीबी लागतात, आणि सात मोहऱ्यांना सतरा-अठरा टेराबाइट. शेवटचा घरी ठेवायची गरज नाही, लिचेसवर तो मोफत बघता येतो. प्रश्न ९ मधल्या डावात हत्ती गेल्यावर नेमकी सात मोहरी उरतात, तिथे स्वतः करून बघा.

पाच मोहऱ्यांचा संच मात्र उतरवून इंजिनाला जोडाच. मग आठ-दहा मोहऱ्यांच्या पोझिशनमध्येही इंजिन अदलाबदलीनंतरचा निकाल आधीच वाचू लागतं.

१४. टेबलबेस “जिंकतो” म्हणतं, पण सोबत ५० चालींचा इशारा देतं. हे काय?

अचूक खेळलं तर मात नक्की होते, पण मध्ये पन्नास चालींत ना प्यादं हलतं ना काही मारलं जातं, म्हणून प्रत्यक्ष स्पर्धेत समोरचा बरोबरी मागू शकतो. डावाच्या दृष्टीने ती बरोबरीच धरा.

१५. झुग्झवांगमध्ये इंजिन चुकतं असं ऐकलं. खरं आहे का?

थोडंसं. वेळ वाचवायला इंजिन एक युक्ती करतं: “मी चाल सोडून दिली तरी माझं बरं चाललंय का?” उत्तर हो आलं की ती फांदी तिथेच सोडतं. झुग्झवांगमध्ये, म्हणजे कोणतीही चाल केली तरी नुकसानच होतं अशा पोझिशनमध्ये, चाल करावी लागणं हेच दुखणं असतं, म्हणून ही युक्ती तिथे फसते. फक्त राजे-प्यादी उरली की स्टॉकफिश ती वापरत नाही. घोडे-उंट असलेल्या झुग्झवांगला मात्र जास्त वेळ द्या आणि संशयास्पद पोझिशनमध्ये स्वतः दोन चाली पुढे जाऊन बघा.

१६. लीला वापरू की स्टॉकफिश?

चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही. लीला हे अल्फाझीरो या स्वतःशी खेळून शिकलेल्या प्रोग्रामच्या मार्गाने २०१८ मध्ये सुरू झालेलं दुसरं इंजिन. ती कमी पोझिशन तपासते, पण प्रत्येकीकडे मोठ्या नेटवर्कने बघते. दीर्घ पल्ल्याचा दाब आणि कोंडलेली मोहरी यांबद्दल तिचं मत ऐकण्यासारखं असतं. मारामारीची खात्री स्टॉकफिशकडून करा. दोघांचं एकमत झालं तर पुढे चला. मतभेद झाला, तर त्या पोझिशनवर तुमचा अर्धा तास खर्च करा. कार्ड नसेल तर लीलाचा हट्ट सोडा.

१७. पूर्ण डावातून गेलो तर ०.००, तीच पोझिशन वेगळी मांडली तर +०.९. बिघाड आहे का?

बिघाड नाही. वेगळ्या मांडलेल्या पोझिशनला इतिहास नसतो. डावात ती पोझिशन दोनदा येऊन गेली असेल, तर इंजिनाला माहीत असतं की तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. मांडलेल्या पोझिशनमध्ये ते कळायला मार्ग नाही. पन्नास चालींच्या मोजणीचंही तसंच आहे. मोजणी वाढत गेली की स्टॉकफिश आकडा हळूहळू शून्याकडे खेचतं. पोझिशन एका ओळीत लिहून पाठवतात, त्या ओळीत ही मोजणीही असते. कुणाकडून आलेल्या अशा ओळीत ती ४० किंवा ४५ राहिली असेल, तर आकडा उगाच लहान दिसतो.

म्हणून आधी ठरवा काय जाणून घ्यायचंय. त्या दिवशी, त्या डावात काय करायला हवं होतं हे हवं असेल, तर पूर्ण डाव भरा. पोझिशन मुळात कशी आहे हे हवं असेल, तर ती नव्याने मांडा आणि मोजणी शून्यावर आणा.

१८. इंजिन अचानक मूर्खासारख्या चाली सुचवायला लागलं. व्हायरस असेल का?

ताकद कमी करण्याची सेटिंग चालू राहिली आहे का ते बघा. घरातल्या लहान भावंडाने इंजिनाशी डाव खेळताना पातळी खाली आणलेली असते आणि ती तशीच राहते. ती बंद करा, इंजिन पुन्हा चालू करा.

१९. चालू डावात इंजिन बघितलं तर चालतं का?

पटावरच्या स्पर्धेत नाही, ऑनलाइन डावातही नाही, मित्राने फोनवर सांगितलं तरी नाही. आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पत्रव्यवहाराच्या (चाली पाठवून खेळायच्या) स्पर्धांत मात्र इंजिनाची अधिकृत परवानगी आहे. तिथे वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात, आणि जे जिंकतात ते प्रश्न १० आणि १२ मधलं काम दिवसेंदिवस करत असतात. तुमचा स्वतःचा डाव संपल्यावर इंजिन सुरू करण्याआधी तुमच्या मनात कोणत्या लाइन होत्या ते वहीत लिहा. नंतर त्या एकेक करून इंजिनासमोर ठेवा.